अनेक लेंकरांची माय : पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) पदरीं पोटची एकच मुलगी, मनोरमा. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्यप्रांतांतून सुमारें तीनशें निराधार मुली आणून त्यांचा सांभाळ केला. आपलें घुग्घुसही तेव्हां त्याच प्रांतांत होतें. पुण्यांत प्लेगमुळें निर्बंध आले, म्हणून केडगांवच्या माळावर तंबू ठोकून त्यांनीं हा संसार थाटला. प्रातःकाळीं प्रार्थना, मग दळण, स्वयंपाक, अभ्यास, शेत, माग नि छापखाना. प्रत्येकीस काम वांटून दिलेलें. अंध मुलींसही शिक्षण मिळे. १९२१ सालीं मनोरमा निवर्तली, तरी त्या मातेनें हातचें बायबलभाषांतर सोडिलें नाहीं. त्या आपल्या कॅथलिक पंथाच्या नव्हत्या. तथापि, मातांनो, भरल्या घरांत प्रार्थना आणि श्रम एकत्र कसे नांदवावेत, हें त्यांच्यापासून अवश्य शिकावें.