अंगणातली खेळणी : पद्मभूषण ताराबाई मोडक

आपल्या मध्य प्रदेशात कुठल्याही मोहल्ल्यात जा, ‘आंगनवाड़ी केंद्र’ असा फलक दिसतोच. आमच्या माधवनगर-फ्रीगंज भागातली हिंदीभाषक मंडळी हा शब्द हिंदीच समजतात, आणि आपल्यालाही त्यात काही वेगळं जाणवत नाही. पण त्यातल्या ‘वाडी’ने आपले कान टवकारायला हवेत. बालवाडी, अंगणवाडी ही मराठी घरातून निघालेली नावं आहेत. ती ज्यांच्या कामातून देशभर गेली त्या ताराबाई मोडक. आपल्या समाजातल्या जुन्या पिढीला नाव ठाऊक आहे. तरुणांना मात्र बहुधा परीक्षेतल्या एका गुणापुरतं. म्हणून हा लेख.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 चा. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे. त्यामुळे मुलीला शिकवायचं की नाही, हा प्रश्न त्या घरात नव्हता. 1914 साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी विवाह झाला, पण संसार टिकला नाही आणि 1921 च्या सुमारास त्या वेगळ्या झाल्या. शंभर वर्षांपूर्वी पदरात लहान मुलगी असताना बाईने असं पाऊल उचलणं म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात त्या प्रमुख झाल्या. पगाराची, मानाची जागा होती. ती सोडून 1923 मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे बालमंदिरात काम करायला गेल्या.

मी आयुष्य बँकेत घालवलं. पक्की नोकरी सोडून बालमंदिरात जाणारा खातेदार कर्ज मागायला आला असता, तर आमच्यापैकी कुणीही फाईल पुढे सरकवली नसती.

गिजुभाई स्वतः वकिली सोडून आलेले. गुजरातेत त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई म्हणत. माँटेसोरीबाईंची पद्धत त्यांनी स्वीकारली होती, पण आंधळेपणाने नव्हे. माँटेसोरीबाईंना लहान वयात परीकथा, कल्पनेचे खेळ फारसे पसंत नव्हते. गिजुभाईंच्या बालमंदिरात मात्र गोष्टी आणि नाटकं यांना मोठं स्थान होतं. ताराबाई तिथे नऊ-दहा वर्षं राहिल्या. 1926 साली दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ काढला. ‘शिक्षण पत्रिका’ या मासिकाची मराठी आवृत्ती ताराबाईंनी चालवली. मग त्या मुंबईला आल्या आणि 1936 साली दादरला शिशुविहार सुरू झालं.

इथे थोडं थांबून त्या वेळच्या माँटेसोरी साहित्याबद्दल सांगतो, कारण पुढची सारी कथा त्यावरच उभी आहे. 1907 साली रोममधल्या गरीब वस्तीत माँटेसोरीबाईंनी पहिलं बालगृह उघडलं. तिथल्या मुलांसाठी त्यांनी जी साधनं बनवली, ती खेळणी वाटतात, पण प्रत्येकामागे हिशोब आहे. गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे घ्या. सर्वात लहान एक सेंटिमीटरचा, सर्वात मोठा दहा सेंटिमीटरचा. मुलाने क्रम चुकवला तर मनोराच वेडावाकडा दिसतो, बाईंना बोलावं लागत नाही. लाकडी दट्टे असतात, ते आपापल्या खाचेतच बसतात. एक चुकला की शेवटी एक दट्ट्या हातात उरतो. खरखरीत कागदाची अक्षरं असतात, त्यांवरून बोट फिरवायचं. आणि कापडाच्या चौकटी असतात. एकीला बटणं, एकीला हुक, एकीला नाड्या. चौकट टेबलावर ठेवून मूल बटण लावायला, गाठ मारायला शिकतं.

या चौकटींचं मला विशेष वाटतं, कारण हेच काम आमच्या घरी बाहुलीचा स्वेटर करतो. थंडीत सौभाग्यवतींच्या सुया चालू होतात. मोठ्यांच्या स्वेटरातून उरलेल्या लोकरीचे लहान गोळे एका पिशवीत साठतात, आणि त्यातून नातीच्या बाहुलीसाठी स्वेटर, टोपी, मोजे होतात. यातही डोकं लागतं हे मला निवृत्तीनंतर कळलं. बाहुलीचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि हात न वाकणारे. माणसाच्या मापाने विणलेला बंद गळा तिच्या डोक्यातून जातच नाही. म्हणून स्वेटर पुढून उघडा, बाह्या सैल, आणि बटण असं की चार वर्षांच्या बोटांना धरता यावं. नात ते बटण दिवसातून वीस वेळा लावते आणि काढते. स्वतःच्या फ्रॉकचं बटण लावताना रडणारी हीच. खर्च पाहिला तर शून्य. फक्त कुणीतरी बसून, मुलाकडे बघून ती वस्तू बनवायला हवी.

ताराबाईंनी पुढे जे केलं ते याच दिशेचं, पण केवढ्या मोठ्या मापाचं!

माँटेसोरी साहित्य उत्तम, पण ते काटेकोर सुतारकामाचं. एक ठोकळा हरवला की संच अपुरा. दादरच्या मध्यमवर्गीय पालकांना ते परवडत होतं. रोममध्ये गरिबांसाठी निघालेली पद्धत आपल्याकडे येईतो फी भरू शकणाऱ्यांची झाली होती. गांधीजींच्या बुनियादी शिक्षणात सात वर्षांखालच्या मुलांचं काय करायचं, हा विचारही तेव्हा चालू होता आणि ताराबाई त्यात होत्या. देशातली बहुतेक मुलं खेड्यांत आहेत, तिथे बालशिक्षण पोचलं नाही तर आपण केलं काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःला लावून घेतला. 1945 साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, दादरची बसलेली घडी सोडून त्या बोर्डीला गेल्या आणि तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. त्यांच्या बरोबरीला अनुताई वाघ आल्या. तेराव्या वर्षी वैधव्य आलेल्या, पुण्यात हुजूरपागेत शिक्षिका असलेल्या अनुताई तेव्हा पस्तिशीच्या होत्या.

बोर्डी समुद्रकाठचं गाव, डहाणू तालुक्यात. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, 2014 पासून पालघर जिल्ह्यात आहे. 1945 हेच साल त्या पट्ट्यातल्या वारल्यांच्या उठावाचंही. वेठबिगारीत पिचलेल्या आदिवासींना गोदावरी परुळेकर संघटित करत होत्या. अशा ठिकाणी दोन शिक्षिका मुलांना खेळवायला आल्या, हे त्या वेळी कुणाला किती महत्त्वाचं वाटलं असेल कोण जाणे!

बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी ती काढली त्या वस्त्यांतली मुलं येईनात. आई-बाप मजुरीला जात, मोठी बहीण धाकट्याला सांभाळी, भाऊ गुरांमागे. अंगावर धड कपडा नाही, आंघोळ नाही. त्यात जातीची भिंत. मूल शाळेत येत नाही, तर शाळेने मुलाच्या दारात जायचं, असं ताराबाईंनी ठरवलं. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. कुणाच्या तरी अंगणात मुलं गोळा करायची, नखं कापायची, केस विंचरायचे, आंघोळ घालायची, मग गाणी, गोष्टी, खेळ. हीच अंगणवाडी.

आता अंगणात गुलाबी मनोरा कुठून आणायचा? तिथेच ताराबाईंचं खरं कर्तृत्व दिसतं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. किनाऱ्यावर शंख-शिंपले होते. झाडाखाली बिया, शेंगा, पानं, फुलं, काटक्या. खडे आणि माती तर कुठेही. ठोकळ्यांनी जे शिकवायचं तेच यांनी शिकवता येतं, हे त्यांनी करून दाखवलं. लहान-मोठे शिंपले क्रमाने लावले की मनोऱ्याचं काम झालं. बिया मोजल्या की अंक आले. पानांच्या छटा वेगळ्या केल्या की रंगांच्या पेटीचं काम झालं. मातीची चूल, मातीचा बैल, फुलांची माळ हे हस्तकामही झालं आणि खेळही. मुलाला ती वस्तू परकी नव्हती, मोडेल म्हणून धाक नव्हता. शिंपला हरवला तर उद्या दुसरा.

आपल्या माळव्यात हे समजायला अवघड जाऊ नये. पितृपक्षात इथल्या मुली भिंतीवर संझा मांडतात. शेण आणि फुलांच्या पाकळ्या, रोज नवी आकृती, शेवटी किलाकोट. आखातीजेला बाहुला-बाहुलीचं लग्न लागतं, त्यात चिंध्यांचे शालू नेसवले जातात. आपल्या मराठी घरांतली भातुकली तर आहेच. त्या मुलींना कुणी साहित्याचा संच विकत आणून दिला नव्हता. फरक इतकाच की, ताराबाईंनी अशा अंगणातल्या खेळाकडे शिक्षण म्हणून पाहिलं, त्याला क्रम दिला आणि तो शिक्षिकांना शिकवला.

मला मात्र एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी वाटते. माँटेसोरीचा दट्ट्या चूक झाल्यावर स्वतः सांगतो. शिंपला सांगत नाही. खड्यांची रांग चुकली तरी ती रांगच दिसते. म्हणजे साहित्यातली जी अक्कल सुताराने कोरून ठेवली होती, ती आता शिक्षिकेच्या डोळ्यात हवी. कुठला खडा कुणापुढे ठेवायचा, केव्हा गप्प बसायचं, केव्हा नवा खेळ काढायचा, हे तिला कळायला हवं. आमच्या भाषेत सांगायचं तर खर्च संपला नाही, तो एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेला. साहित्य स्वस्त झालं आणि शिक्षिका मोलाची झाली. ताराबाईंना हे पुरतं ठाऊक असावं, कारण भावनगरपासून कोसबाडपर्यंत शिक्षिका तयार करण्याचं काम त्यांनी कधी सोडलं नाही.

1957 मध्ये केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आता मुलं प्रामुख्याने आदिवासी, वारली. इथे कल्पना आणखी वाढली. धाकट्याला कडेवर घेऊन येणाऱ्या बहिणीला शिकायचं, तर धाकट्याची सोय हवी, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. तिला नाव दिलं विकासवाडी. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. गुरं चरताहेत, पोरं झाडाखाली बसून शिकताहेत. दिवसा न येणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा. 1962 साली ताराबाईंना पद्मभूषण मिळालं, तेव्हा त्या सत्तरीच्या होत्या आणि कामातच होत्या. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्या गेल्या.

त्यानंतर दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना 33 प्रकल्पांनी सुरू झाली. केंद्रांचं नाव अंगणवाडी. आज ती देशभर आहेत आणि त्यांनी पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी यांचं जे काम केलं त्याला तोड नाही. पण योजनेच्या सहा सेवांमध्ये शालापूर्व शिक्षण ही एक सेवा, आणि कार्यकर्तीचा दिवस बराचसा नोंदवह्या भरण्यात जातो. तिला वेतन नाही, मानधन मिळतं. ताराबाईंनी साहित्यावरचा खर्च वाचवून तो भार माणसावर टाकला होता. आपण साहित्यावरही वाचवलं आणि माणसावरही. सरकारी खातं मी बाहेरूनच पाहिलं आहे, तरी हा ताळेबंद मला बरोबर वाटत नाही.

आपल्या महिला मंडळात विणकाम, भरतकाम, कागदकाम जाणणाऱ्या किती तरी भगिनी आहेत. उरलेल्या लोकरीची बाहुली, तिचे बटणवाले, नाडीवाले कपडे, चिंध्यांचा चेंडू अशा वस्तू जवळच्या केंद्रावर नेऊन दिल्या आणि तासभर तिथे बसून मुलं त्यांचं काय करतात ते पाहिलं, तर पुढच्या वेळी काय बनवायचं ते मुलंच सांगतील.

ताराबाईंच्या मागे अनुताईंनी कोसबाडचं काम चालवलं. त्यांना पद्मश्री मिळाली. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या त्यांच्या पुस्तकात त्या वर्षांची हकिगत आहे, मिळालं तर जरूर वाचावं. 1992 मध्ये अनुताई गेल्या, तोवर बोर्डीतल्या त्या पहिल्या अंगणाला सत्तेचाळीस वर्षं झाली होती.