आगगाडी, धोटा आणि बाबासाहेब

धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला आले.  कुर्डुवाडीहून निघणारी अडीच फूट रुंदीची बार्शी लाईट रेल्वे याच गावावरून लातूरला जात होती, आणि लातूरला ती १९११ सालीच पोहोचली होती. स्टेशनावर गाडी येऊन तीस वर्षे झाली, टपाल आले, तार आली. पण वतनाच्या नावाखाली सांगावा घेऊन पायी पळणारा, साहेबांचे ओझे वाहणारा आणि मेलेले जनावर ओढणारा माणूस तोच राहिला. यंत्र गावात आले तरी चाकरी सुटली नाही. ही वतने मोडण्यासाठी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात १९२८ सालीच विधेयक मांडले होते.

घटनाकार, अर्थतज्ज्ञ, मुक्तिदाता ही त्यांची ओळख आपल्याला पाठ आहे. नवे तंत्र आले की ते कोणाच्या पदरात काय टाकते, हे पारखणारा माणूस म्हणून मात्र आपण त्यांच्याकडे कमी पाहतो.

ही पारख त्यांना पुस्तकाच्याही आधी प्रवासाने शिकवली. १९०१ साली, नऊ-दहा वर्षांचे असताना, ते भाऊ आणि भाच्यांसोबत वडिलांना भेटायला आगगाडीने मसूरला उतरले. पुढे खटाव तालुक्यातील गोरेगावला जायचे होते. गाडीच्या डब्यात तिकीट पुरले, स्टेशनाबाहेर जात विचारली गेली. एकही गाडीवान तयार होईना. शेवटी एकाने दुप्पट भाडे घेतले, तेही मुलांनी स्वतः बैल हाकायचे या अटीवर. रात्रभर पाणी मिळाले नाही. १९२९ साली चाळीसगावला तेच झाले. तोवर ते बॅरिस्टर होते, सरकारी समितीचे सदस्य होते. तरी एकही टांगेवाला त्यांना घेईना. मग ज्याने कधी टांगा हाकला नव्हता अशा आपल्याच माणसाने लगाम धरला. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि पाय मोडला.

मुंबईच्या गिरण्यांत त्यांनी याहून बारीक गोष्ट पकडली. विणकाम खात्यात पगार जास्त, पण अस्पृश्यांना तिथे प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. तोच धोटा दुसऱ्याच्या हाती जाणार, म्हणून विटाळ! वाफेवर चालणारा, विलायतेहून आलेला साचा. आणि त्यावर कोण उभा राहणार हे ठरवणारी मात्र मनूची थुंकी. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना ठणकावून विचारले, की ही बंदी उठवण्याची मागणी तुमच्या यादीत का नाही? मालकांनीही अंग काढून घेतले, हा नियम आमचा नाही म्हणाले. एका अर्थी ते खरेच होते. तो नियम यंत्राचाही नव्हता.

म्हणूनच गांधीजींच्या यंत्रविरोधाशी त्यांचे कधी जमले नाही. १९४५ च्या पुस्तकात त्यांनी दोष यंत्राचा नसून मालकी आणि नफा मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, असे मांडले. यंत्राशिवाय कष्टकऱ्याला फुरसत नाही आणि फुरसतीशिवाय माणूसपण फुलत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. जात्यावर आयुष्य घालवलेल्या आईच्या लेकराला तो समजावून सांगावा लागत नाही.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. दामोदर आणि महानदीच्या बहुउद्देशीय योजना, वीज, तांत्रिक शिक्षण यांची पायाभरणी त्याच काळातली. पण याच खात्याखाली १९४३ मध्ये, युद्धाला कोळसा हवा म्हणून, खाणीत जमिनीखाली स्त्रियांच्या कामावरील बंदी उठवली गेली. सभागृहात टीका झाली. बाबासाहेबांनी युद्धाची निकड सांगितली आणि स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळते यावर भर दिला. हा निर्णय आजही मनाला बोचतो, आणि भक्तीपोटी तो झाकण्याचे कारण नाही. बंदी पुन्हा लागू झाली ती फेब्रुवारी १९४६ मध्ये.

आज कळंब, भूम, वाशीहून कोयता घेऊन जाणाऱ्या ऊसतोड जोडप्यांसमोर फडात हार्वेस्टर उभा राहू लागला आहे. पाठीवरची मोळी उतरली तर त्यात वाईट काहीच नाही. पण हार्वेस्टर विकत घेणाऱ्याला सरकार अनुदान देते. ज्यांच्या हातचा कोयता सुटणार त्यांच्यासाठी त्या योजनेत काय आहे, हे तडवळ्याच्या वारसांनी आपल्या आमदाराला विचारायला हवे.