सेवाव्रती सावित्रीबाई

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

सावित्रीबाई फुले म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पाटी आणि पुस्तक उभे राहते. १८४८ साली पुण्याच्या भिडे वाड्यात सुरू झालेली मुलींची शाळा आपण सर्वांनी पाठ्यपुस्तकात वाचली आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे त्या शाळेचे ऋण मला जन्मभर मानावे लागेल. परंतु येथे मला लिहावयाचे आहे ते त्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या काही आठवड्यांविषयी. संकटात सापडलेल्या रोग्याला उपचारापर्यंत कोणी न्यावयाचे, हा प्रश्न त्या आठवड्यांत त्यांच्यापुढे उभा राहिला. तो आजही आपल्यापुढे आहे.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. १८४० साली जोतीरावांशी त्यांचा विवाह झाला आणि त्यांच्याकडूनच त्या लिहावयास शिकल्या. शाळेत जाताना त्यांनी दगड आणि शेणाचे गोळे सोसले, हे सर्वश्रुत आहे. १८६३ साली फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. समाजाने टाकलेल्या गरोदर विधवा तेथे येत आणि त्यांच्या बाळंतपणाची काळजी सावित्रीबाई घेत. त्यांपैकीच काशीबाई नावाच्या एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. हाच यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९० साली जोतीरावांचे निधन झाले, तेव्हा अंत्ययात्रेत सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले. त्यानंतर सत्यशोधक समाजाची धुरा त्यांनीच वाहिली.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि काही महिन्यांतच तो पुण्यात पोहोचला. त्या वेळी वैद्यकशास्त्र किती अपुरे होते! प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला होता. पण उंदरावरील पिसवा तो पसरवतात, हे १८९८ मध्ये पुढे आले. हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली लस जानेवारी १८९७ मध्ये नुकतीच हाती आली होती. रोग बरा करणारे खात्रीचे औषध नव्हते. काखेत वा जांघेत गाठ आली की घरची माणसेही जवळ येण्यास कचरत.

अशा वेळी सावित्रीबाईंनी सैन्याच्या वैद्यकीय खात्यात असलेल्या यशवंताला बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर दवाखाना सुरू केला. रोग्यांना तेथे आणण्याचे काम त्या स्वतः करीत. मुंढव्याच्या गावकुसाबाहेरील वस्तीत बाबाजी गायकवाड यांचा मुलगा पांडुरंग प्लेगने आजारी असल्याचे त्यांना कळले. त्यांनी त्या मुलाला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात पोहोचवले. तेव्हा त्यांचे वय सहासष्ट वर्षांचे होते. तो मुलगा वाचला असे सांगतात. सावित्रीबाईंना मात्र प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १९०५ साली रोग्यांची सेवा करताना डॉ. यशवंतही प्लेगलाच बळी पडले.

त्याच सुमारास सरकारही रोग्यांना हलवीत होते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. त्याने अधिकाऱ्यांना मोठे अधिकार दिले आणि सद्हेतूने काम करणाऱ्यांना कोर्टापासून संरक्षणही दिले. सावित्रीबाई गेल्यानंतर थोड्याच दिवसांत रँड यांच्या देखरेखीखाली गोरे सोजीर पुण्यातील घराघरांत शिरू लागले. त्यातून जो संताप उसळला त्याची परिणती २२ जून रोजी रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात झाली. विचार करण्यासारखी गोष्ट आहे. घरातून रोग्याला उचलून उपचारासाठी नेणे, हे काम दोन्हीकडे एकच होते. सावित्रीबाईंना कायद्याचे पाठबळ नव्हते आणि त्यांच्यावर कायद्याची सक्तीही नव्हती. पण रोग्याच्या घरच्यांचा विश्वास त्यांच्यापाशी होता. तातडीच्या वैद्यकीय मदतीचे नीतिशास्त्र आज जे सांगते, म्हणजे रोग्याचा मान राखावा, शक्य तेथे त्याची संमती घ्यावी, जातपात पाहू नये आणि हाती घेतलेल्या रोग्याला अर्ध्या वाटेवर सोडू नये, ते त्यांनी आचरून दाखवले.

आज कायदा बराच पुढे आला आहे. जखमीवर तत्काळ उपचार करणे हे सरकारी व खाजगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे आणि पोलिसी सोपस्कारांसाठी थांबू नये, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात दिला. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४अ घालण्यात आले. अपघातात सापडलेल्याला मोबदल्याची अपेक्षा न ठेवता सद्हेतूने मदत करणाऱ्यावर, मदत करताना काही चूक झाली तरी, दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. त्याच्यावर नाव सांगण्याची सक्तीही नाही. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे.

तरीही आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या परिसरात काय दिसते? कोणी रस्त्यात पडले तर घोळका जमतो, पण पुढे कोणी होत नाही. चौकीवर खेपा घालाव्या लागतील, साक्षीला बोलावतील, ही भीती अजून आहे. शिवाय हे कलम मोटार अपघातांपुरतेच आहे, आणि आपल्याकडे लोकलमधून पडणारी माणसे कमी नाहीत. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गाड्यांतून प्रवासी पडून मृत्युमुखी पडले, ते आपण विसरलेलो नाही. रुळांजवळ पडलेल्याला हात देणाऱ्यालाही असेच स्पष्ट संरक्षण हवे, असे मला वाटते.

मात्र नुसती तळमळ पुरत नाही. मणक्याला मार लागलेल्या माणसाला चुकीच्या रीतीने उचलले तर त्याला कायमचे अपंगत्व येऊ शकते. सावित्रीबाईंपाशी पाठीशिवाय दुसरे साधन नव्हते. आपल्यापाशी स्ट्रेचर आहे, दूरध्वनी आहे आणि प्रथमोपचाराचे ज्ञान आहे. म्हणून प्राध्यापकवर्गाला आणि मित्रमैत्रिणींना माझी एक विनंती आहे. सावित्रीबाईंच्या स्मृतिदिनी, १० मार्चला, राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे आपल्या कॉलेजात प्रथमोपचाराचा वर्ग भरवावा. त्यात नाव नोंदवणारी पहिली मी असेन.