गुरुत्वीय लहरींच्या शोधाचे अग्रणी : जोसेफ वेबर

आमच्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेचा प्रकल्प साकारत आहे. त्या निमित्ताने आम्ही जोसेफ वेबर यांचे कृतज्ञतेने स्मरण करतो.

वेबर यांचा जन्म १९१९ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात झाला. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात होते. पुढे मेरीलँड विद्यापीठात प्राध्यापक असताना, आइन्स्टाइन यांनी वर्तविलेल्या लहरी टिपण्यासाठी त्यांनी ॲल्युमिनियमचे अजस्र दंडगोल टांगून त्यांवर अतिसूक्ष्म कंप नोंदविणारे संवेदक बसविले. स्थानिक हादरे वगळता यावेत म्हणून एक दंडगोल सुमारे हजार किलोमीटर दूर, शिकागोजवळ ठेवला. १९६९ साली लहरी सापडल्याचे त्यांनी जाहीर केले. परंतु इतरांच्या उपकरणांत त्या आढळल्या नाहीत. प्रतिष्ठा ओसरली, तरी २००० साली निधन होईपर्यंत ते आपल्या दाव्यावर ठाम राहिले.

२०१५ साली लायगोच्या लेसर उपकरणांनी त्या लहरी प्रथम टिपल्या. तेथेही दूरस्थ उपकरणांच्या नोंदी जुळवूनच खात्री करण्यात आली. वेबर यांचा निष्कर्ष टिकला नाही, पण त्यांनी पाडलेली वाट टिकली. शोधाचे धैर्य त्यांच्याकडून घ्यावे आणि पडताळणीपुढे नमते घेण्याचा धडाही त्यांच्याच जीवनातून शिकावा, असे आम्हांस वाटते.