रविवारच्या सुटीचे जनक : नारायण मेघाजी लोखंडे

आठवड्याची एक सुटी आज कोणालाही हक्काची वाटते. एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या गिरणी कामगाराला मात्र ती ठाऊक नव्हती. ती मिळवून देण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव भारतीय कामगार चळवळीच्या इतिहासात अग्रभागी घेतले जाते.

लोखंडे यांचा जन्म १८४८ मध्ये ठाण्यात एका सामान्य कुटुंबात झाला. शालेय शिक्षणानंतर त्यांनी काही काळ सरकारी खात्यात नोकरी केली आणि पुढे मुंबईतील मांडवी येथील एका कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून ते रुजू झाले. हिशेबाच्या वह्या सांभाळताना गिरणीच्या आतले जग त्यांनी जवळून पाहिले. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालणारी यंत्रे, कापसाच्या तंतूंनी भरलेली कोंदट हवा, उघडे पट्टे आणि चाके, त्यांत सापडून जायबंदी होणारे मजूर, आणि आईबापांबरोबर कामावर येणारी लहान मुले, असे ते जग होते. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा संस्कार त्यांच्यावर झालेला होताच. १८८० मध्ये ‘दीनबंधु’ या पत्राची सूत्रे हाती घेऊन त्यांनी ते मुंबईतून चालवले आणि कष्टकऱ्यांची गाऱ्हाणी छापून आणण्यास आरंभ केला.

सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारख्या सुधारकांच्या प्रयत्नांनंतर १८८१ मध्ये पहिला कारखाना कायदा संमत झाला. तो शंभर किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांना लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास त्याने बंदी केली, सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली आणि धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद केली. प्रौढ स्त्रीपुरुषांच्या कामाच्या तासांबद्दल मात्र त्यात काहीच नव्हते.

कायदा अंमलात आणणारी यंत्रणा तर फारच तोकडी होती. स्वतंत्र निरीक्षक नेमलेला नसेल, तेथे जिल्हा मॅजिस्ट्रेटनेच ते काम पाहावे अशी व्यवस्था होती. महसूल, फौजदारी आणि इतर शेकडो कामांत बुडालेल्या अधिकाऱ्याने गिरणीच्या खात्याखात्यांत फिरून पट्टे आणि चाके तपासावीत, ही अपेक्षा कागदावरच राहणार हे उघड होते. गरिबांच्या घरी जन्मनोंद नसल्याने मुलाचे खरे वय ठरवणेही कठीण जाई. शिवाय कायदा फक्त ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. इंदूरसारख्या संस्थानांतील गिरण्या त्याच्या कक्षेबाहेर होत्या.

मालकांचा विरोधही प्रखर होता. लँकेशायरचे गिरणीवाले आपल्या स्वार्थासाठी हे निर्बंध लादू पाहत आहेत, असा आरोप देशी वृत्तपत्रे करीत, आणि त्यात तथ्याचा अंशही होता. परंतु परक्या मालकाचा हेतू अशुद्ध आहे, म्हणून स्वदेशी गिरणीत मजुराचा हात तुटावा हे लोखंडे यांना मान्य नव्हते. देशी उद्योगाचा अभिमान आणि मजुराचे हित यांचा संघर्ष उभा राहिला, तेव्हा त्यांनी मजुराची बाजू घेतली आणि अनेक सुशिक्षितांचा रोष पत्करला.

१८८४ मध्ये मुंबई सरकारने कारखाना आयोग नेमला. त्या वेळी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवून सुमारे ५,५०० सह्यांचे निवेदन तयार केले. आठवड्याला एक दिवस सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम आणि महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार या मागण्या त्यात होत्या. काम करताना जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन मिळावे आणि कायमचा अपंग झाल्यास निर्वाहाची सोय व्हावी, हीदेखील एक मागणी होती. नुकसानभरपाईचा कायदा होण्यास त्यानंतर १९२३ साल उजाडावे लागले, यावरून त्यांच्या दूरदृष्टीची कल्पना येते.

याच चळवळीतून ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ आकारास आली. तिच्याकडे निधी, सभासदांची नोंदवही किंवा काटेकोर घटना नव्हती. लोखंडे यांचा मार्गही अर्ज, सभा आणि वृत्तपत्र यांचाच राहिला. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि तेथे दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने साप्ताहिक सुटी मान्य केली. त्याच वर्षी नेमलेल्या कारखाना आयोगाच्या कामात मुंबईच्या मजुरांचे प्रतिनिधी म्हणून लोखंडे सहभागी झाले. १८९१ च्या सुधारित कायद्याने साप्ताहिक सुटी व दुपारची विश्रांती सर्वांना मिळाली, स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा आली आणि मुलांचे किमान वय नऊ झाले. प्रौढ पुरुषांच्या तासांना मात्र १९११ पर्यंत बंधन नव्हते.

१८९३ च्या मुंबईतील दंगलीनंतर सलोखा राखण्यासाठी ते झटले. सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला. मुंबईत प्लेगने थैमान घातले असताना ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने, पन्नाशी गाठण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. २००५ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

कारखाना निरीक्षकाचे पद आता व्यावसायिक सुरक्षिततेच्या २०२० च्या संहितेत ‘निरीक्षक-नि-सुविधाकार’ झाले आहे. नाव कोणतेही असो, यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाचे गाऱ्हाणे त्या अधिकाऱ्यापर्यंत पोहोचते का, हा प्रश्न आजही प्रत्येक अपघातानंतर पुन्हा उभा राहतो. ते गाऱ्हाणे संघटितपणे सरकारदरबारी पोहोचवण्याची वाट प्रथम लोखंडे यांनी पाडली.