आकडेवारीतून शुश्रूषा घडविणाऱ्या नाइटिंगेल

हाती दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांची विचारपूस करणारी परिचारिका, अशी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची ओळख जगभर आहे. मात्र त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग रुग्णालयांतील मृत्यूंची आकडेवारी तपासण्यात आणि तिचे निष्कर्ष प्रत्यक्ष रुग्णसेवेत उतरविण्यासाठी झगडण्यात गेला.

१२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात एका सधन इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला. गणिताची त्यांना लहानपणापासून ओढ होती. परिचारिकेचे काम त्याकाळी हलके मानले जाई. घरच्यांचा विरोध पत्करून त्यांनी १८५१ मध्ये जर्मनीतील कायझर्सवर्थ येथे प्रशिक्षण घेतले.

क्रिमियन युद्धात नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. तेथील डॉक्टरांना ही मदत नको होती. डॉक्टरांच्या आदेशावाचून रुग्णाला हात लावू नये, अशी सक्त ताकीद नाइटिंगेल यांनी आपल्या परिचारिकांना दिली. जखमींची रीघ लागली, तेव्हाच त्यांना वॉर्डांची दारे उघडली. तरीही फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचे प्रमाण ४२ टक्क्यांवर गेले. मार्चमध्ये लंडनहून आलेल्या स्वच्छता आयोगाने तुंबलेली गटारे साफ केली, पाणी व हवा खेळती केली. जूनपर्यंत हे प्रमाण सुमारे दोन टक्क्यांवर आले.

या घसरणीचा अर्थ त्यांना युद्धानंतर, संख्याशास्त्रज्ञ डॉ. विल्यम फार यांच्यासोबत आकडे तपासताना उमगला. अपुरे अन्न आणि उशिरा मिळालेले उपचार हेच मृत्यूंचे कारण, हे त्यांचे आधीचे मत होते. अस्वच्छ रुग्णालयानेच असंख्य बळी घेतले, हा कटू निष्कर्ष त्यांनी स्वीकारला. आकड्यांचे तक्ते मंत्री वाचणार नाहीत, हे ओळखून त्यांनी १८५८ मध्ये ते रंगीत आकृत्यांतून मांडले. सिडनी हर्बर्ट यांच्यासारख्या वजनदार राजकारण्याचे पाठबळ मिळाल्यानेच लष्करी रुग्णालयांत सुधारणा झाल्या.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या निधीतून परिचारिका प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले. किंग्ज कॉलेज रुग्णालयातील सुईणींच्या प्रशिक्षणाची कहाणी मात्र वेगळी ठरली. तेथील प्रसूती कक्षात सूतिकाज्वराने बाळंतिणी दगावू लागताच १८६७ मध्ये तो बंद करण्यात आला. घरच्या बाळंतपणापेक्षा रुग्णालयातील बाळंतपण अधिक घातक ठरत असल्याचे त्यांनी १८७१ च्या पुस्तकात आकड्यांनिशी दाखविले.

भारतात त्या कधी आल्या नाहीत. तरी येथील ब्रिटिश सैनिकांचा दर हजारी ६९ हा वार्षिक मृत्युदर त्यांनी १८६३ च्या शाही आयोगाच्या अहवालानिमित्त चव्हाट्यावर आणला. पुढे ग्रामीण आरोग्याच्या प्रश्नावर पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार झाला.

त्यांनाही मर्यादा होत्या. रोगजंतूंचा सिद्धांत त्यांनी बऱ्याच उशिरा मान्य केला. सरकारजवळ माहितीचे ढीग असूनही ती वापरण्याचे शिक्षण अधिकाऱ्यांना नाही, ही त्यांची खंत होती. त्यासाठी ऑक्सफर्डमध्ये संख्याशास्त्राचे अध्यासन स्थापण्याचा १८९१ मधील त्यांचा प्रयत्न फळाला आला नाही.

१३ ऑगस्ट १९१० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिन आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन म्हणून साजरा होतो. संशोधन रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचायचे, तर परिचारिकेला ज्ञानाबरोबर अधिकार आणि प्रशासनाची साथही हवी, हा त्यांच्या चरित्राचा धडा आजही तितकाच लागू पडतो.