इवल्या लहरींचे आचार्य

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चिंचोटीला गाडी थांबली, की प्रवासी आधी घरी फोन लावतो. जुन्या रेडिओची लांब काडी, म्हणजे अँटेना, या फोनवर दिसत नाही; ती आतच दडलेली असते. अँटेना इतकी लहान व्हायची तर लहर आखूड हवी. ही वाट सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी कलकत्त्यात आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी चोखाळली.

३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालात त्यांचा जन्म झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी. तरी मुलाला त्यांनी बंगाली पाठशाळेत घातले. केंब्रिजहून परतल्यावर १८८५ साली जगदीशचंद्र प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. गोऱ्या प्राध्यापकांपेक्षा पगार कमी ठरला. त्यांनी शिकवणे सोडले नाही, पण तीन वर्षे पगाराला हात लावला नाही. अखेर सरकार नमले आणि थकबाकीसह पूर्ण पगार मिळाला.

संशोधनाला धड प्रयोगशाळा नव्हती. हर्ट्झच्या प्रयोगांतील लहरी ६६ सेंटिमीटरपासून कित्येक मीटरपर्यंत लांब. त्यांना उपकरणेही मोठीच लागत. जगदीशचंद्रांनी लहरच पाच मिलिमीटरपर्यंत आखूड केली. सारे सामान टेबलावर मावले. लहरी गोळा करायला त्यांनी कर्ण्याच्या आकाराची अँटेना केली. १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये या बिनतारी लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवली, बंदुकीची दारूही उडवली.

यातून पैसा सहज मिळाला असता, पण ज्ञान विकणे त्यांना रुचत नव्हते. स्नेह्यांच्या आग्रहाने लहरी टिपणाऱ्या उपकरणाचे अमेरिकी पेटंट १९०४ साली मिळाले. त्याचा त्यांनी धंदा केला नाही. १९०९ सालचे नोबेल बिनतारी संदेशवहनासाठी मार्कोनी आणि ब्राउन यांना गेले. तोवर आचार्य वनस्पतींच्या संवेदनांकडे वळले होते. १९१७ साली त्यांनी बोस संशोधन मंदिर उभारले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

आज पंचाईत निराळी आहे. एकाच इवल्या अँटेनाला अनेक लहरींशी जुळवून घ्यावे लागते. त्यावरचा एक उपाय फेरोइलेक्ट्रिक पदार्थाचा. बेरियम स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या, केसाहून कितीतरी पातळ थराचा कपॅसिटर करतात. विद्युतदाब बदलला, की त्याची विद्युतभार साठवण्याची क्षमता बदलते आणि तंबोऱ्याची खुंटी पिळावी तसा अँटेनाचा सूर बदलतो. हा पदार्थ आचार्यांच्या हाती नव्हता. पण आखूड लहरी आणि आटोपशीर उपकरणे यांची सुरुवात त्यांच्या टेबलावर झाली. चिंचोटीच्या नाक्यावर फोन लागला, तर त्यांची आठवण जरूर ठेवावी.